करवलीची जागा

मी घरी काढलेल्या फोटोत माणसाच्या डोळ्यांत दोन दिवे दिसतात. दोनच. एक खिडकीचा, उभा चौकोनी. दुसरा बल्बचा, गोल. डोळ्यांत ही चमक नसली की चांगला हसरा माणूससुद्धा फोटोला हार घालायची वेळ आल्यासारखा दिसतो. म्हणून फोटो काढला की मी आधी स्क्रीनवर त्यातले डोळे मोठे करून दिवे मोजते.

सोमवार ते शनिवार मी डहाणूत एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढते. सहा दिवस हाडं, रविवारी चेहरे. अंगात येणं, नजर लागणं, वडावरची बाई, यातलं काही मला चालत नाही. उजेड कुठून आला आणि कुठे अडला, एवढं कळलं की फोटोतलं सगळं कळतं, असं मी छातीठोकपणे सांगायची.

आशागडला आमच्या घराची बाहेरची खोली हाच माझा स्टुडिओ. खिडकी उत्तरेची, त्यात बाहेर पडवी, त्यामुळे आत ऊन कधी येत नाही. आई त्या खिडकीला शिव्या घालते, कारण तिथे पापड वाळत नाहीत. मला मात्र तिच्यासारखी खिडकी तालुक्यात शोधून सापडणार नाही, इतका मऊ उजेड. खिडकीला बेकरीतला बटर पेपर लावलेला, एका बाजूला फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल उभा, दुसऱ्या बाजूला नऊ वॅटचा पांढरा बल्ब आणि त्याच्यापुढेही बटर पेपर. मागे आजोबांची काळी घोंगडी. बसायला चिकूचे दोन क्रेट एकावर एक, वर उशी. तिसरा क्रेट कॅमेऱ्याच्या शेजारी, माझी फडकी आणि बॅटऱ्या ठेवायला. एवढ्यावर मी पाच पाड्यांतल्या नवऱ्या देखण्या केल्या आहेत. स्वतः मात्र एकतिसाव्या वर्षी बिनलग्नाची, आणि याची मला आठवण करून द्यायला आशागडात माणसांची अजिबात टंचाई नाही.

२०१८च्या जानेवारीत रानशेतचा मिथुन आला. त्याचं दक्षाशी ठरलं होतं. पण त्यांच्या पाड्याची रीत अशी, की आईबापांचं लग्न लागल्याशिवाय पोराचं लागत नाही. पूर्वी खर्चापायी लग्नाचा घाट घालणं जमत नसे, म्हणून जोडपी तशीच संसाराला लागत आणि लग्न मागाहून, पोरांच्या मांडवातच उरकत. मिथुनचे आईबाप, तानी आणि जिव्या, चाळीस वर्षं तसेच राहिले होते.

"मग लावा की दोघांचं," मी म्हटलं. "एकाच जेवणावळीत दोन लग्नं."

"आई उभीच राहात नाय, ताई. म्हणते, माझी करवली आल्याबिगर नाय."

तानीमावशीची धाकटी बहीण बुधी. आठ वर्षांची असताना नदीवर पाण्याला गेली, ती परत आली नाही. हंडा काठावर भरलेला सापडला. पोरगी नाही, कपडा नाही, काही नाही. त्याला पन्नास वर्षं होत आली. आणि लहानपणी शब्द झाला होता, की तानीच्या लग्नात मागे दिवा घेऊन बुधीच उभी राहणार.

"दक्षाच्या घरचे थांबून थांबून कंटाळले," मिथुन म्हणाला. "होळीपर्यंत थांबतील, मग दुसरीकडे देतील. ताई, तू दोघांचा असा फोटो काढ, की आईला वाटलं पाहिजे, आपण नवरी आहोत. बॅनर छापतो मोठा. बॅनर लागला की मागे हटायची नाय ती."

युक्ती मला आवडली. रविवारी आणायला सांगितलं.

सकाळी दहाला तिघं आली. जिव्याबाबा नवाकोरा शर्ट घालून, त्याची घडी मोडलेलीसुद्धा नव्हती. तानीमावशी हिरव्या लुगड्यात, बारीक, काटक, डोक्यात अबोलीचा गजरा. तिला 'तुम्ही' हा शब्द माहीतच नाही, सगळ्या जगाला ती 'तू' म्हणते. आल्या आल्या मला खालून वर बघितलं.

"तुझं लगीन झालं?"

"नाही, मावशी."

"का गं? चांगली तर हायस."

"करवली मिळेना," मी म्हटलं. त्यावर ती अशी हसली, की आई चहाचं आधण सोडून बघायला आली.

दोघांना क्रेटवर बसवलं. जिव्याबाबाला दात तीन, पण हसू दांडगं. खिडकीचा उजेड तानीमावशीच्या गालावर पडला आणि सुरकुत्या मऊ झाल्या. थर्माकोल वीतभर पुढे सरकवला. सगळं जमलं, फक्त मावशी कॅमेऱ्याकडे बघेना. ती सारखी माझ्या उजव्या हाताला बघत होती, तिसऱ्या क्रेटकडे.

"मावशी, इकडं. माझ्याकडं बघ."

बघायची, आणि परत नजर तिकडे. पण चेहऱ्यावर काय आनंद होता! जत्रेत आपलं माणूस सापडल्यावर होतो तसा. मी तशीच काढत राहिले. मध्येच जळत्या वातीचा वास आला, खुरासणीच्या तेलाचा. वाटलं, आईने देव्हाऱ्यात दिवा लावला असेल. बारा फोटो झाले.

कॉम्प्युटरवर टाकले. डोळे मोठे केले. जिव्याबाबाच्या डोळ्यांत दोन दिवे, खिडकीचा आणि बल्बचा. तानीमावशीच्या डोळ्यांत तीन.

तिसरा खाली होता, बारीक, पिवळा. माझ्या खोलीत पिवळा उजेड मी येऊ देत नाही, त्याने चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसतात. आधी आईला विचारलं. देव्हाऱ्यात तिने दिवा लावला नव्हता, तेल कालच संपलं होतं. मिथुनचा मोबाइल बाहेर ठेवायला लावला. कपाटाच्या आरशावर चादर टाकली. आतलं दार लोटून घेतलं. एवढ्यावर भागेना, म्हणून बल्बही बंद केला. आता खोलीत उजेडाची जागा एकच, खिडकी.

परत काढला. जिव्याबाबाच्या डोळ्यांत एक दिवा. तानीमावशीच्या डोळ्यांत दोन. खिडकीचा, आणि तो पिवळा.

बारा फोटोंत तो बारा ठिकाणी असता, तर मी कुठली तरी भरकटलेली तिरीप आहे म्हणाले असते. पण तो एकाच जागी होता. कॅमेऱ्याच्या उजवीकडे, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर.

मी डोळा अजून मोठा केला. जास्त मोठा केला की नुसते ठिपके दिसतात, त्याच्या जरा आधी थांबले. बाहुलीत खिडकी होती. खिडकीपुढे काळी मी, कॅमेरा तोंडाला लावलेली. माझ्या शेजारी कोणीतरी बुटकं उभं होतं, दोन्ही हात पुढे धरून. हातात गोल काहीतरी, आणि त्यात तो उजेड.

"वाटी आहे का ती?" मिथुन माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला.

"करवंटी हाय," तानीमावशी म्हणाली. ती क्रेटवरच बसून होती. स्क्रीन तिच्याकडे नव्हतीच. "आम्ही खेळायचो ना लगीन लगीन. मी नवरी. ती करवंटीत तेल घालून वात लावायची नि माझ्यामागं उभी राहायची. हात भाजले तरी खाली ठेवायची नाय, येडी."

आईने हातातल्या कपबशा तिथेच जमिनीवर ठेवल्या.

मावशी उठली, लुगडं झटकलं, जिव्याबाबाच्या पाठीत एक सणसणीत थाप मारली आणि म्हणाली, "चल रे म्हाताऱ्या. आली ती. लाव लगीन."

जिव्याबाबाने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लहान पोरासारखा रडायला लागला. चाळीस वर्षं या माणसाने वाट बघितली होती, तोंडातून एक अक्षर न काढता. मिथुन दक्षाला फोन लावायला पळाला, चपला उलट्या घालून. खरं सांगते, त्या खोलीत त्या दिवशी भीती नव्हती. चहात दुप्पट साखर पडली होती आणि सगळ्यांनी तो पिऊन टाकला.

बॅनर नाक्यावर लागला. दोन्ही जोडप्यांचे चारही चेहरे, वर गणपती, खाली तेवीस शुभेच्छुकांची नावं. तानीमावशीच्या डोळ्यांतले तिन्ही दिवे बॅनरवर टिकलीएवढे दिसत होते. ते मोजणारी मी एकटीच.

लग्न फेब्रुवारीत, भर दुपारी. मांडवावर आंब्याचे टहाळे, बेंजोवाला इतका जोरात की माझ्या पोटात ठोके पडत होते. धवलेरी, म्हणजे गाणी म्हणत लग्न लावणारी बाई, हिराबाई होती. आधी म्हाताऱ्या जोडप्याचं, मग पोरांचं. हिराबाईने नवरीमागे दिवा घ्यायला एका भाचीला उभं केलं. तानीमावशीने बाशिंगाखालून हुकूम सोडला, "तिथं कोण नको. जागा रिकामी ठेव."

"रिकामी कशी ठेवू? मागं कोणतरी लागतं," हिराबाई कुरकुरली.

"ठेव म्हणते ना."

ठेवली. नवरदेव-नवरी समोरासमोर उभे राहिले. मला जिव्याबाबाचा चेहरा हवा होता, म्हणून मी मावशीच्या पाठीमागे गेले, तिच्या खांद्यावरून कॅमेरा रोखला. मावशीने मान वळवली नाही. नुसतं म्हणाली, "बाय, जरा मागं हो. तिच्या पायावर उभी हायस."

मी पाऊलभर मागे झाले. एवढी शिकलेली मी, निमूट मागे झाले.

जिव्याबाबाने हार घातला. हिराबाईने आवाज चढवला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी एकच फोटो काढला. मग कॅमेरा गळ्यात सोडून मीसुद्धा नाचले, आशागडच्या लोकांनी बघितलं तरी नाचले. दक्षा तर सासूला कडेवर उचलून नाचली.

निघताना मावशीने माझा गाल दोन्ही हातांनी धरला. हाताला हळदीचा वास होता.

"माझं काम झालं. ती आता मोकळी हाय. तुला करवली नाय ना? पाठवते तुझ्याकडं."

"पाठव," मी हसत म्हटलं. "आधी नवरा पाठव, पण."

सोमवारी दवाखान्यातून आल्यावर तो फोटो बघितला. जिव्याबाबाचे डोळे भरलेले. भरलेल्या डोळ्यांत सगळं स्वच्छ दिसतं. मांडवाची झालर दिसत होती. पुढे मावशी, बाशिंगासकट. तिच्यामागे मी, कॅमेरा घेऊन.

आमच्या दोघींच्या मध्ये हातभर जागा होती.

त्या जागेत ती होती. करवंटी तिने छातीशी धरली होती.

तो फोटो मी मोठा करून, चौकटीत घालून रानशेतला दिला. घरात शिरल्यावर समोरच लावलाय. मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते, "माझी बहीण हाय यात, शोध."

नंतरच्या रविवारी मला स्वतःचा फोटो हवा होता, एका अर्जाला. आई देवळात गेली होती. दार लावलं. बल्ब लावायचा कंटाळा केला, खिडकी पुरेशी होती. कॅमेऱ्याला टायमर लावला, क्रेटवर जाऊन बसले, दहा आकडे मोजले. कॅमेऱ्यामागे कोणी नव्हतं. कोण असणार?

फोटो बघितला. डोळे मोठे केले. सवयच ती.

दोन दिवे. खिडकीचा, आणि खाली एक पिवळा.

बाहेर पडवीत कोंबडी पिल्लांना घेऊन फिरत होती, रस्त्यावर चिकूचा टेम्पो हॉर्न वाजवत गेला. मग मला माझाच राग आला. एवढंसं लेकरू, पन्नास वर्षं उभं.

"हे बघ," मी मोठ्याने म्हटलं, "माझं लगीन कधी होईल ते मलाच माहीत नाही. तोवर उभी राहू नकोस. बस."

तिसऱ्या क्रेटवरची फडकी आणि बॅटऱ्या उचलल्या, क्रेट रिकामा केला, आणि भाजी निवडायला आत गेले. भाजी निवडताना चक्क गाणं गुणगुणत होते, हे आईने आल्यावर सांगितलं.

तासाभराने खोली आवरायला आले. खिडकीतून नेहमीचाच उजेड, मऊ, थंड. त्या खोलीत ऊन कधी येत नाही. तिसरा क्रेट उचलायला हात लावला.

क्रेट बसायच्या जागी कोमट होता.