मांगराचा अडसर

"आवडे, बाबांचे पाय कुठायत?" महिपतने कुजबुजत विचारलं.

आवडीने पांघरूण हळूच उचललं. आत बाबा नव्हतेच! होता एक लांबलचक लोड आणि त्यावर बाबांची टोपी!

"म्हणजे रोज दुपारी आपल्या घरात लोड झोपतो?" महिपत म्हणाला, आणि हसू दाबता दाबता त्याची पुरेवाट झाली.

त्यांचे बाबा मुंबईच्या शाळेत गणिताचे मास्तर. रात्ररात्र जागून भूमितीचं पुस्तक लिहिता लिहिता त्यांनी डोळे इतके बिघडवून घेतले होते, की डॉक्टरांनी बजावलं, "वर्षभर रजा घ्या. लिहिणं-वाचणं बंद, नाहीतर दृष्टीच गमवाल!" म्हणून सुट्टी लागताच सारं बिऱ्हाड पोलादपूरच्या वरच्या वाडीवर, सोनबाकाकांच्या घरी आलं. आल्या दिवशीच आईने घड्याळ ट्रंकेत घालून कुलूप लावलं. आता गुरं रानात गेली की न्याहारी, गुरं सावलीला बसली की जेवण आणि त्यानंतर सगळ्यांनी सक्तीने आडवं व्हायचं! महिपतला वाटे, याहून तुरुंग बरा. तिथे निदान तासाचे टोले तरी पडतात!

मागच्या दारी सोनबाकाकांचा मुलगा चांगू करवंदं खात बसला होता.

"मास्तरकाका? ते तर रोज मांगरात जाऊन बसतात! मला वाटलं, तुमाला ठाव हाय!"

मांगर म्हणजे शेताच्या खालच्या कडेला असलेली, काठ्यांवर माती लिंपलेल्या कुडाच्या भिंतींची झोपडी. तिघं वाकून, दबकत तिथे पोचले आणि एकदम आत शिरले. फटीतून आलेल्या उजेडाच्या तिरिपेत बाबा कागदावर ओणवून लिहीत होते. डोळे लालभडक!

"बाबा!" आवडी ओरडली. तिला रडूच आलं. "तुम्ही आईला फसवता? आणि डोळे गेले म्हणजे?"

बाबांच्या हातून टाक गळून पडला. "काय करू ग?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "हे रिकामे दिवस मला खायला उठतात."

इतक्यात बाहेर धप्पकन आवाज झाला. दार बंद! बाहेरून जाडजूड अडसर पडला होता.

चांगूचा चेहरा उतरला. "आमचा बाबा! राब भाजायला आताच कसा आला? सांजच्याला भाजणार होता ना!"

सगळ्यांनी दारावर धडाधड बुक्क्या मारल्या, घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. पण अडसर टाकून सोनबाकाका तरातरा शेताच्या वरच्या टोकाकडे गेले होते. तिथे माणसं पेरणीआधी जमीन भाजायच्या राबासाठी पाल्यापाचोळ्यावर माती पसरत होती. वारा तिकडून इकडे वाहत होता. आवाज तिथवर जाईना.

"पण रिकाम्या मांगराला अडसर कशाला?" महिपतने विचारलं.

"धुराला बिचकून वासरू आत शिरतं नि गुदमरून मरतं. म्हणून राब पेटवायच्या आधी दार लावतात."

"आणि आत माणूस असलं तर?"

"या वक्ताला माणूस आत कशाला असंल?" चांगू म्हणाला. "नि आग खालच्या कडेनंच लावतात. वाऱ्याच्या उलटी जाते, म्हंजे सावकाश जळते. खालची कड ही बघ, या भिंतीपलीकडंच!"

बाबांनी दाराला खांद्याने धडक दिली. एकदा, दोनदा, तीनदा! दार हललं नाही. चांगू मात्र भिंतीच्या बुंध्याला टिचक्या मारत फिरत होता. एका जागी तो थांबला. बाबांनी प्यायला आणलेला तांब्या उचलून त्याने सगळं पाणी भिंतीच्या तिथल्या मातीवर हळूहळू ओतलं.

बाबा लगेच नखांनी माती उकरू लागले.

"थांबा, मास्तरकाका! मातीला पाणी पिऊ द्या!"

थांबा? आत्ता? महिपतला ते पटेना. चौघं त्या ओल्या डागाकडे पाहत राहिली. मग चांगूने बोट खुपसलं आणि मातीचं ढेकूळ अलगद निघून आलं! आत कारवीच्या काठ्या सुंभाने आवळून बांधलेल्या होत्या.

बाबांनी पेन्सिलीला टोक काढायचा चाकू पुढे केला. महिपतने कराकरा सुंभ कापला, काठ्या बाजूला वाकवल्या. सगळ्यांत बारीक आवडी! ती पोटावर सरपटत बाहेर पडली. परकर फाटला, कोपर सोललं.

समोरच, नुकतेच खाली उतरलेले सोनबाकाका पेटती चूड घेऊन वाकले होते.

"काका, थांबा! आत बाबा आहेत! महिपत, चांगूसुद्धा!"

"अगो, दादा घरात झोपलाय!"

"तो लोड आहे!"

काकांनी चूड पायाखाली चुरडली, धावत येऊन अडसर उपसला. "मी आत डोकावलोच नाय गो! दरवर्षी रिकामाच असतो..." मग त्यांनी तिघांना एकदम कवेत घेतलं. "शाबास रे पोरांनो! शाबास!"

तोवर आरडाओरडा ऐकून आईही धावत आली. तिने सगळं ऐकून घेतलं. तिने नुसता हात पुढे केला. बाबांनी टाक आणि कागद तिच्या हातावर ठेवले. त्यांचा चेहरा पाहून महिपतला वाईट वाटलं.

"आई, बाबांनी डोळे मिटून सांगायचं आणि आम्ही लिहायचं. चालेल?"

"गुरं सावलीला बसल्यापासून उठेपर्यंतच," आई म्हणाली. "त्यावर एक ओळही नाही!"

दुसऱ्या दिवशी आंब्याखाली बाबा डोळे मिटून पडले आणि भराभर सांगू लागले. महिपत आणि आवडीची बोटं दुखायला लागली. चांगू तर अजून पहिल्याच ओळीत होता.

"मास्तरकाका, सावकाश!" तो ओरडला. "मातीला पाणी पिऊ द्या!"

बाबा खो खो हसले. आणि थांबले.