सत्तावीस पोचे

दाताच्या डॉक्टरला गंज म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. वरून चकचकीत आणि आतून पोखरलेलं, हेच तर तो जन्मभर बघत असतो. म्हणून वडिलांच्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपच्या मागच्या मडगार्डावर रंगाला फोड आलेले दिसले, तेव्हा डॉक्टरांनी कुठल्याही गॅरेजला फोन केला नाही. दवाखान्यातून कीड तपासायची वाकड्या टोकाची सळई आणली आणि फोडात टोचली. टोक सरळ आत गेलं.

"कीड आहे," ते म्हणाले.

"मग आधी भूल द्या तिला," बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली.

जीप घराला चिकटून असलेल्या शेडमध्ये उभी असे. शेडचं एक दार रस्त्याकडे, दुसरं स्वयंपाकघरात उघडणारं. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि महिनाअखेरीला गाडीची सरकारी तपासणी होती. पत्र्याला एक भोक जरी दिसलं तरी गाडी मोडीत, असा नियम. डॉक्टरांना ते नको होतं. त्या गाडीत ते चालवायला शिकले होते, लग्नानंतर बायकोला घेऊन पहिल्यांदा बाहेर पडले होते ते याच जीपमधून.

आई मात्र बाजूला उभी राहून म्हणाली, "वरून रंग मार आणि मोकळा हो. लांबीला हात लावू नकोस."

लांबी म्हणजे पत्र्यावरचे खळगे बुजवायला भरतात ती पुट्टी. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला गाडीच्या लांबीचं काय पडलंय, असं डॉक्टरांना वाटलं. पण किडीवर नुसता मुलामा चढवणारा डॉक्टर हा डॉक्टरच नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं. कीड मुळापासून काढायची. निरोगी भाग लागेपर्यंत थांबायचं नाही.

त्यांनी लांबी खरवडायला घेतली आणि तिच्याखाली पोचा निघाला. मग आणखी एक. शेवटी दुपारपर्यंत सगळी गाडी खरवडून झाली. रोग्याच्या तोंडाचा काढतात तसा त्यांनी जीपचा तक्ता काढला आणि त्यावर नंबर घातले. सत्तावीस पोचे. काही गोल, हातोडीचे. काही लांबट, जॅकच्या दांडीचे. ड्रायव्हरच्या दारावर चार बारीक खळगे एका ओळीत होते. डॉक्टरांनी त्यावर मूठ ठेवून बघितली, बोटांची हाडं बरोबर बसली. प्रत्येक पोच्याच्या तळाशी गंज साचला होता.

त्यांना आश्चर्य वाटलं नाही. डॉक्टरांचे वडील म्हणजे नातेवाइकांत शांतपणाचा दाखला. आवाज कधी चढला नाही, आईवर हात तर कधीच उगारला नाही. राग आला की त्यांचे ओठ पांढरे पडत, ते उठून शेडमध्ये जात आणि दार लावून घेत. मग ठोकण्याचा आवाज सुरू होई. धाकटा काका हसून म्हणायचा, "दादा वड्याचं तेल वांग्यावर काढतो, पण वांगं लोखंडाचं आहे म्हणून संसार टिकलाय!" आवाज चालू असेपर्यंत आई जेवणाच्या टेबलाशी दोन्ही तळवे सपाट ठेवून, डोळे मिटून बसे. लहानपणी डॉक्टरांनी विचारलं तर एवढंच सांगे, "काही नाही रे, गाडीचं काम चाललंय."

पहिल्या रविवारी त्यांनी एकच पोचा काढला, डाव्या दारावरचा. तारेच्या ब्रशने गंज घासला, बाहेरून लोखंडी ठोकळा धरला, आतून हातोडीने बेताबेताने ठोकत पत्रा वर आणला. फार समाधानाचं काम होतं. तळहाताला पत्रा सपाट लागला तेव्हा डॉक्टरांनी शीळ घातली.

संध्याकाळी आईच्या डाव्या दंडावर रुपयाएवढा काळानिळा डाग होता. ती रक्त पातळ करायच्या गोळ्या घेई. कुठेतरी लागलं असेल, झालं.

दुसऱ्या रविवारी डॉक्टरांनी बारा पोचे काढले. सोमवारी सकाळी बायको सासूला आंघोळ घालायला गेली आणि तशीच उलट्या पावली परत आली.

"अहो, जरा येऊन बघता का?"

पाठीवर, मांडीवर, खांद्यावर डाग होते. काही गोल, काही लांबट. डॉक्टर बघत राहिले. त्यांनी आईला तातडीने तपासायला नेलं. रक्त ठीक होतं, हाडं ठीक होती. आईला बरीच वर्षं बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरात यांच्यावर कोणी हात उचलतं का?"

डॉक्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते उत्तर द्यायला वळले, आणि बायको आपल्याकडे बघते आहे असं त्यांना दिसलं. तिने नजर लगेच काढून घेतली. पण त्यांनी ती पाहिली होती.

 त्या आठवड्यात बायको सासूच्या खोलीत झोपायला गेली. डॉक्टरांना वाईट वाटलं, आणि वाईटापेक्षा राग जास्त आला.

तिसऱ्या रविवारी चौदाव्या पोच्याची पाळी होती. हा दाराखालच्या पट्टीत होता, आणि गंजाने पत्रा पार खाल्ला होता. तो ठोकून वर आणणं शक्य नव्हतं, कापून काढून नवा तुकडा जोडावा लागणार होता. त्याशिवाय सत्ताविसावा होता, टपाच्या पुढच्या कडेवर, काचेच्या जरा वर. ताटलीएवढा रुंद आणि चांगला खोल. तो आपल्या हातचा नाही हे ओळखून त्यांनी पत्र्याचं काम करणाऱ्या म्हाताऱ्याला अकरा वाजता बोलावलं होतं. सगळे त्याला ठोकमामा म्हणत. वडिलांच्या वेळेपासून गाडीला लांबी भरायला तोच यायचा.

"तुमच्या वडिलांनी एकही पोचा मला काढू दिला नाही," तो फोनवर म्हणाला होता. "भरा म्हणायचे, काढू नका. मी म्हटलं, साहेब, आत गंज धरेल. तर म्हणाले, धरू दे."

पावणेअकराला डॉक्टरांनी ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या. दोन बोटं रुंद, चार बोटं लांब असा चौकोन त्यांनी आखला होता, त्याच रेघांवर पातं फिरवलं. तुकडा खाली पडला आणि पातं थांबलं. तेव्हा त्यांना बायकोचा आवाज ऐकू आला. ती बहुधा आधीपासूनच ओरडत होती.

आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. तिच्या डाव्या कुशीकडचा गाऊन लाल झाला होता आणि रक्त खुर्चीच्या पायावरून खाली येत होतं.

"मी इथेच होते," बायको म्हणाली. तिच्या हातात पाण्याचा पेला तसाच होता. "गोळी देत होते. माझ्या डोळ्यांसमोर उकललं ते."

डॉक्टरांनी गाऊन कापला. जखम दोन बोटं रुंद होती, चार बोटं लांब. कोपरे काटकोनात होते.

त्यांनी टॉवेल दाबून धरला.  बायको अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावू लागली.

"दाराखालचा ना?" आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "तुझ्या सहलीचे पैसे मी न विचारता भरले, त्या दिवशीचा तो."

"आई, बोलू नकोस."

"बाकीचे मी सोसेन. टपावरचा तेवढा राहू दे."

शेडमधून आवाज आला. टण्ण.

ठोकमामा वेळेचा पक्का होता. रस्त्याकडचं दार उघडं होतं, हत्यारं स्वतःची होती. दाराच्या पायरीवर उभं राहून, वरून ठोकळा धरून, आतून ठोकत तो कामाला लागला होता.

टण्ण.

आईच्या कपाळावर, केसांच्या रेषेखाली, खळगा पडला. डॉक्टरांनी तो पडताना बघितला. तिचं डोकं मागे गेलं आणि कानातून रक्ताची बारीक धार आली.

ते धावले. ठोकमामाला त्यांनी कॉलर धरून खाली खेचलं. म्हातारा फरशीवर आपटला, त्याचं कोपर सोललं.

"अर्धा आला वर! काय झालं काय?"

"चालते व्हा!"

ठोकमामाने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हत्यारंही न घेता तो निघून गेला.

डॉक्टरांनी हातोडा उचलला. टपावर चढले. अर्धा वर आलेल्या पोच्यावर सगळा जीव एकवटून घाव घातला.

हातोडा उसळला. पत्र्यावर चरासुद्धा उठला नाही.

दुसरा घाव. तिसरा. मनगटातून कळ गेली. पत्रा तसाच.

आतून बायको म्हणत होती, "आई, इकडे बघा. आई!"

आणि त्यांना बंद दारामागचा आवाज आठवला. लहानपणी ते दाराला कान लावून उभे राहत. प्रत्येक घावाआधी वडील काहीतरी पुटपुटत. ते गाडीशी बोलतात असं त्यांना वाटे.

"ही थप्पड तुला," ते म्हणत. मग घाव. "ही तुला."

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि आपल्या आईवरचा राग शोधायला घेतला.

एकदा शोधायला बसल्यावर तो सापडायला वेळ लागला नाही. भीतीने बिलगायला आलेल्या पोराला हाताने दूर करून टेबलावर तळवे ठेवणारी ती. चारचौघांत त्या माणसाचं कौतुक सांगणारी ती. सगळं माहीत असून 'रंग मार आणि मोकळा हो' एवढंच बोलणारी. यापलीकडे एक शब्द बोलली असती तर! एक शब्द!

"ही तुला, आई," ते म्हणाले.

पत्रा मऊ लागला.

"ही तुला."

खळगा खाली गेला.

ते मारत राहिले. किती, ते त्यांना कळलं नाही. थांबले तेव्हा टपावरचा पोचा होता तेवढा खोल झाला होता, आणि त्यांना धाप लागली होती. छातीत इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा आई पाणी पीत होती. कपाळ सपाट होतं. कुशीत मात्र तो चौकोन तसाच होता, त्याला टाके पडले. अ‍ॅम्ब्युलन्सबरोबर आलेल्या माणसाने तो बघितला, मग डॉक्टरांच्या हातातला हातोडा बघितला, आणि कागदावर बरंच काही लिहिलं.

पुढचे चार दिवस डॉक्टर दवाखान्यातून लवकर घरी येत. कापलेला गंजका तुकडा त्यांनी होता तसाच परत जोडला. पहिले तेरा पोचे तक्ता बघून, जिथले तिथे परत घातले. तपासणीची तारीख टळून गेली. गाडी आता रस्त्यावर येणार नव्हती, आणि मोडीत द्यायचा तर प्रश्नच नव्हता. आईच्या अंगावरचे डाग एकेक करून फिके पडले. कुशीतले टाके सुकले. बायको पुन्हा त्यांच्या खोलीत झोपायला आली, पण भिंतीकडे तोंड करून.

गुरुवारी दुपारी ती म्हणाली, "अहो, आता पुरे झालं. शेजारीपाजारी विचारायला लागलेत. माणसाने करावं तरी किती!"

डॉक्टर हातोडा घेऊन उठले.

"तुमचे ओठ बघा कसे झालेत," ती म्हणाली. "पांढरेफटक."

ते शेडमध्ये गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. शेवटचा पोचा घालायचा राहिला होता, तो त्यांनी घातला.

शनिवारी सकाळी आई काठी टेकत शेडमध्ये आली. तिने काठी बंपरला टेकवली आणि आंधळ्या माणसासारखा गाडीवरून हात फिरवायला सुरुवात केली. ड्रायव्हरचं दार, मागचं मडगार्ड, दाराखालची पट्टी. प्रत्येक खळग्यात बोट घालून ती पुढे सरकत होती. डॉक्टर तक्ता हातात घेऊन मागोमाग चालले. सव्वीस. मग टपाची कडा, तिथे तिला चवड्यांवर उभं राहावं लागलं. सत्तावीस.

"सगळे आले," ती म्हणाली.

परत जाताना तिचा हात ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या दारावर पडला आणि तिथेच थांबला. तिने बोटांनी पुन्हा चाचपलं. तिथे गोल, उथळ, ताजा पोचा होता. त्यात अजून गंजही नव्हता.

डॉक्टरांनी तक्त्यात बघितलं. त्या जागी काहीच नव्हतं.

"हा माझा नव्हे," आई म्हणाली.

तिने मुलाकडे बघितलं नाही. काठी घेतली आणि ती सावकाश आत गेली.

 डॉक्टरांनी पेन्सिल काढून तक्त्यावर अठ्ठावीस लिहिलं, फळीवरचा लांबीचा डबा खाली घेतला आणि पात्याने ती कालवायला घेतली. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. बायको टेबलाशी बसली होती, फोन कानाशी, दुसऱ्या हाताचा तळवा टेबलावर सपाट. पलीकडे परगावची लेक असावी.

"गुरुवारी फोन केलास तेव्हा ना?" ती म्हणत होती. "कसला आवाज? अगं, काही नाही. गाडीचं काम चाललं होतं."