तापल्यावर लागलेला लाल दिवा

दारव्ह्याच्या स्टँडवर बादल राठोडला कोणीच जीप चालवायला देईना. "यानं तेल नसताना गाडी हाकलली, इंजिन जाम केलं," असं त्याचा मालक सदाशिवराव जो भेटेल त्याला सांगत सुटला होता.

"वीस वर्षं झाली चालवून राह्यलो, ताई," बादल खासगी डिटेक्टिव्ह निशिगंधाला म्हणाला. "मी फुलसावंगीले लग्नाले गेलतो, आलो तं तेल बदलेल होतं. डिपस्टिक पाहिली, तेल पुरं होतं. एवढ्या थंडीत गाडी एका सेल्फात चालू! पहिले किती कुरकुर करे."

"मग?"

"कळंबहून येताना इंजिन तापलं अन् तेलाचा लाल दिवा लागला. थांबलो, थंड केली, तं दिवा बंद. मालकाले फोन केला. म्हणे, आण तशीच. आणता आणता इंजिन जाम झालं."

"तेल गळलं असेल," निशिगंधाचा सहकारी अमर म्हणाला. ती उठून मेकॅनिककडे निघाली.

मेकॅनिक उत्तमसिंगच्या फळीवर एकाच तेलाचे डबे होते, २०डब्ल्यू-५०. "जुन्या जीपा न् ट्रॅक्टरच येतात माह्याकडं. ही जीप दिवाळीपासून आलीच नाही."

सदाशिवराव पोर्चमध्ये नवी कार पुसत होता. "उत्तमसिंगनंच बदललं तेल. मी कायले हात लावू?" तंबाखूच्या खर्र्याची पिंक त्याने कुंडीत टाकली. "हे कार मात्र मीच पाह्यतो. शोरूमच्या तेलाचा डबा घरीच असते." त्याने दाखवलेल्या डब्यावर लिहिलं होतं, ०डब्ल्यू-२०.

निशिगंधाने बादल आणि उत्तमसिंगला तिथेच बोलावलं.

"डब्यावर दोन आकडे असतात. डब्ल्यूच्या आधीचा थंडीतला, नंतरचा तापलेल्या इंजिनातला. आकडा लहान, तेवढं तेल पातळ. जीप थंडीत चटकन चालू झाली, म्हणजे पहिला आकडा लहान. तापल्यावर दिवा लागला, म्हणजे दुसराही लहान. झिजलेल्या इंजिनात तेल पुरेसं होतं, पण पातळ तेलाचा दाब राहिला नाही, म्हणून ते जाम झालं. ते ०डब्ल्यू-२० होतं, नव्या गाडीचं. उत्तमसिंगकडे ते नाहीच. तुमच्याकडे आहे, सदाशिवराव. तुम्हीच ते जीपमध्ये ओतलंत."

"अहो, महागाचं तेल होतं ते! चांगलंच असंन ना?" सदाशिवराव ओरडला. मग त्याने जीभ चावली.

अमरला शिसारी आली.

"चूक कोणाचीही होते," निशिगंधा म्हणाली. "ती झाकायला तुम्ही याची भाकरी हिरावलीत. किळस येते मला तुमची. चला स्टँडवर, सगळ्यांसमोर सांगा."

स्टँडवर तो पुटपुटला. ड्रायव्हरांनी त्याला दोनदा मोठ्याने बोलायला लावलं. लालसिंग नावाच्या दुसऱ्या जीपमालकाने तिथेच बादलला आपल्या जीपवर घेतलं. तेव्हा सदाशिवरावाने घाईघाईने नव्या कारची चावी पुढे केली. "बादल, उद्यापासून हे चालव."

बादलने हात मागे घेतले. "ठेवा तुमच्यापाशीच. हात लावाची घिन येते मले."