काचेमागे कोण होतं

लिफ्टचं दार मिटत आलं होतं, तेवढ्यात फटीतून एक हात आत आला... आणि हातामागून एक देखणा माणूस.

देखणा असावा, असं आपलं वाटलं. कारण टॅक्सीतल्या गारव्यातून बाहेरच्या पावसाळी दमट हवेत उतरल्याबरोबर तिच्या चष्म्यावर असं धुकं चढलं होतं, की समोर माणूस आहे की खांब, एवढंच कळावं. एका हातात गळकी छत्री, खांद्यावर फुगलेली बॅग, कानाशी फोन. चष्मा पुसायला तिसरा हात कुठून आणायचा?

"आई, तिने ढेकर दिला का? नाही दिला? मग खांद्यावर घ्या ना जरा... पाठीवर हळू थोपटा. हळू म्हणजे अगदी हळू..."

त्या धूसर आकृतीने बटणांपाशी बोट नेऊन खुणेनेच विचारलं – कितवा?

"पाचवा," ती पुटपुटली आणि पुन्हा फोनमध्ये शिरली. "आणि खिडकीपाशी नेऊ नका हं. वारा लागेल."

लिफ्ट हलली. साबणाचा मंद वास आला. नुकत्याच केलेल्या दाढीचा वास. तिने नको नको म्हणत चष्म्याच्या वरून चोरून पाहिलं. गुळगुळीत गाल, हनुवटीला इवलीशी खळी. छातीत काहीतरी चुकल्यासारखं झालं, आणि मग तिला स्वतःचाच धक्का बसला. अगं बाई, शुद्धीवर आहेस ना? दहा महिन्यांची लेक खारू घरी, नवरा वर वाट पाहतोय, आणि तू लिफ्टमधल्या परक्या माणसाची हनुवटी न्याहाळतेस? तिने झटकन तोंड भिंतीकडे केलं. कानाच्या पाळ्या मात्र गरम झाल्या होत्या.

"कंपाउंडर," मागून आवाज आला, "सासूबाईंचा फोन ठेवा आता. लिफ्टमध्ये रेंज नाही. मघापासून तुम्ही एकट्याच बोलताय."

छत्री हातातून गळून पडली.

जगात तिला 'कंपाउंडर' म्हणणारा एकच माणूस होता. तिने ओढणीने चष्मा खसाखसा पुसला आणि डोळ्यांवर चढवला. तोच होता! पण दाढी? लग्नाच्या आधीपासून जिच्यासकट त्याला पाहिलं, ती दाढी कुठे गेली?

"तू... अरे, तू असा दिसतोस?"

"दाढी घरी सोडून आलो," तो गालावरून हात फिरवत म्हणाला. "खारू रोज मुठीत धरून ओढते. म्हटलं, एक दिवस सुट्टी. कसा दिसतोय?"

"मेल्या, जीव गेला असता माझा!"

"पण तू बघत होतीस. मी पाहिलं."

"काही बघत नव्हते मी."

"चांगलं दोनदा बघितलंस."

पाचवा मजला आला म्हणून ती वाचली.

कंपाउंडर म्हटलेलं तिला मुळीच खपत नसे. ती रीतसर पदवी घेतलेली फार्मासिस्ट होती. पाच वर्षांपूर्वी औषधांच्या दुकानातल्या काउंटरची काच तडकली, ती बदलायला हा आला होता. काच बसवून गेला, आणि मग त्याच आठवड्यात तीनदा परत आला. दर वेळी नवीन बोट कापलेलं, दर वेळी चिकटपट्टी हवी. तिसऱ्यांदा तिने न राहवून विचारलं, "काच बसवता तरी येते का तुम्हाला?" तर म्हणाला, "येते. पण कंपाउंडरबाई फक्त जखमी माणसांशीच बोलतात." तेव्हापासून तो 'काचवाले' झाला आणि ती कंपाउंडर. आता त्याचं स्वतःचं छोटं दुकान होतं, आणि हाताशी चार कारागीर. पण बोटं अजून कापतच असत.

खोली छान होती. पांढरीशुभ्र चादर, दोन पिवळे दिवे, समोरच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत जाड निळा पडदा. बाळंतपणानंतर आज ती पहिल्यांदाच अर्धा दिवस कामावर गेली होती, आणि तिथूनच त्याने पाठवलेल्या टॅक्सीत बसून परस्पर इथे आली होती. 'एक रात्र फक्त आपण दोघं. लांब नाही, जवळच,' एवढंच तो बोलला होता. वाटभर तिचं लक्ष फोनमध्ये होतं. गाडी कुठून वळली, कुठे थांबली, तिला पत्ता नव्हता.

"इथून घरी जायला किती वेळ लागतो?" तिने चप्पल काढायच्या आधीच विचारलं.

"फार नाही."

"फार नाही म्हणजे किती? या पावसात टॅक्सी मिळेल ना?"

 त्याने तिची बॅग उचलून पलंगावर ठेवली आणि 'टॉवेल देतो, केस पूस' म्हणत चेन उघडली. ती 'अरे थांब' म्हणेपर्यंत उशीर झाला होता.

बॅगेतून निघाले डायपर. मग थर्मामीटर, तापाच्या औषधाची बाटली, खारूचा एक मोजा. बस्स. रात्रीचे कपडे नाहीत, कंगवा नाही, दात घासायचा ब्रशसुद्धा नाही.

तो बॅगेकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"तू राहायला आलीच नव्हतीस..."

 खरंच होतं. जेवायचं, त्याला वाईट वाटू नये इतपत हसायचं, आणि मग 'खारू रडतेय रे' असं काहीतरी सांगून घर गाठायचं, असं तिने सकाळीच ठरवून टाकलं होतं. घरी आई होत्या, त्याची आई. त्यांनी तीन मुलं वाढवलेली. पण आईंना कुठे माहीत होतं, की झोपेत खारूचा श्वास मध्येच इतका हळू होतो, की नाकाखाली बोट धरून बघावं लागतं? आपली नजर हटली आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर? नजर हटवायची नाही, एवढं एकच काम तिला धड येत होतं.

"रागावलास?"

"नाही," तो म्हणाला. पण त्याचा तो गुळगुळीत, नवखा चेहरा उतरला होता. दाढीमागे काय काय लपत असेल इतके दिवस, तिला वाटून गेलं. "जायचं असेल तर मी स्वतः सोडायला येईन. फक्त आधी हा पडदा उघड."

"काय आहे तिकडे? समुद्र?"

"उघड तर!"

तिने पडदा ओढला. आणि थिजली.

एका अरुंद गल्लीपलीकडे एक जुनी, ओल आलेली इमारत होती. पाचव्या मजल्यावर एक खिडकी. खिडकीत दोरीवर वाळत घातलेला खारूचा पिवळा टॉवेल. मागे स्वयंपाकघरातला नळ, नळाशेजारी उलटी घातलेली बाटली... आणि या सगळ्याच्या मधोमध आई, खारूला खांद्यावर घेऊन, हळू, अगदी हळू पाठ थोपटत.

"हे... हे आपलं घर आहे!"

"हो."

"आपण आपल्याच घराच्या मागे आलोय?"

"पुढचं दार मोठ्या रस्त्यावर आहे, म्हणून तुला कळलं नाही." तो घाईघाईने बोलू लागला. "लांब नेलं असतं तर तू दाराकडे बघत बसली असतीस. म्हटलं, अशी जागा हवी जिथून खारू दिसेल. दिवसभर बघ, रात्रभर बघ. पण बघता बघता अधूनमधून माझ्याकडेही बघ. आईला सांगितलंय, स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेव म्हणून."

तिला हसू फुटलं. असा खुळा माणूस! हनिमूनसारखं हॉटेल घ्यायचं आणि खिडकीतून स्वतःचीच भांडी बघायची! ती हसता हसता काचेला नाक लावून बघू लागली. केवढं स्वच्छ दिसतंय... साबणाची वडीसुद्धा...

आणि हसू ओठांवरच गोठलं.

ही काच. समोरची ही चकाकणारी काच तिच्या ओळखीची होती. घरातून रोज दुपारी दिसायची. तिच्यात ढग दिसायचे, स्वतःची इमारत दिसायची, आत मात्र काही म्हणजे काही दिसत नसे. नवं हॉटेल, अजून उघडायचंय, आत कोण असणार, असं समजून ती...

"तू म्हणाला होतास," ती वळली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "महिनाभर हॉटेलचं काम आहे..."

"सांगितलं होतं. घरामागचंच म्हणून. तू 'हं' म्हणालीस. खारूची नखं कापत होतीस."

"कुठल्या मजल्यावर होतं काम?"

त्याने काचेवरचा न दिसणारा डाग बोटाने पुसला.

"काचवाले, मी विचारतेय. कुठला मजला?"

"सगळेच. पण दुपारचा डबा..." त्याने खिडकीखालच्या जमिनीकडे बोट दाखवलं, "डबा मी रोज इथे बसून खायचो. काच अशी आहे, की दिवसा बाहेरून आरसा आणि आतून सगळं दिसतं. म्हटलं, आपण दोघं एकत्र जेवतोय."

 ती पलंगाच्या कडेवर बसली.

खारू झोपली, की रोज दुपारी ती भांडी घासायला उभी राहायची. नळ मोठा सोडायची आणि मनसोक्त रडून घ्यायची. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. बाहेरून आई ओरडायच्या, "किती गं घासतेस ती भांडी! टाकी रिकामी होईल!" मग ती तोंडावर पाणी मारायची. संध्याकाळी तो विचारायचा, कशी आहेस? ती म्हणायची, मस्त.

"तू बघितलंस," ती म्हणाली. "रोज?"

"रोज."

"आणि एक शब्द बोलला नाहीस! मी 'मस्त' म्हणायचे आणि तू मान डोलवायचास!"

"पहिल्या दिवशी मी काचेवर हात आपटला. ओरडलोसुद्धा. तुला दिसणार नव्हतं, ऐकू जाणार नव्हतं, तरी." त्याचा आवाज चिरकला. "रोज घरी येताना ठरवायचो, आज विचारायचं. पण वाटायचं... तू खरं सांगितलंस, आणि मला काहीच करता आलं नाही, तर? म्हणून मी पण 'मस्त' धरून बसलो. भित्रा आहे मी. ही खोली घेतली, कारण हे दुसरीकडे कुठे बोलताच आलं नसतं मला."

पाऊस काचेवरून ओघळत होता. तिला त्याचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण रागाच्या तळाशी काहीतरी सैल होत होतं. इतके दिवस आपण एकटं रडतोय असं वाटायचं, तेव्हा समोर एक माणूस घास हातात धरून बसलेला होता...

"मला भीती वाटते रे," ती म्हणाली. "सारखी. ती हसली तरी वाटते. वाटतं, मला हे जमत नाहीये, आणि हे फक्त मलाच माहीत आहे." आणि मग, "दुकानात अशा बाळंतिणी चिठ्ठी घेऊन येतात. मीच त्यांना गोळ्या देते. हळू आवाजात सांगते, घाबरू नका, होतं असं, जातं. आणि मी स्वतः... दुखणं कळलं नाही मला! माझंच!"

तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. कापलेल्या बोटांचे खरखरीत हात तिच्या हातांवर ठेवले.

"परवा डॉक्टरांकडे जाऊ. दोघं. आणि उद्यापासून भांडी मी घासणार. तू नुसती रड, नळ कशाला सोडायचा?"

ती रडता रडता हसली. मग एकदम सरळ बसली.

"थांब. रोज बघायचास म्हणजे... त्या बुधवारीसुद्धा?"

"कुठला बुधवार?"

"काचवाले!"

"अच्छा, ज्या बुधवारी तू झारा हातात घेऊन नाचलीस तो? तो माझा सगळ्यात आवडता बुधवार. कारागिरांना मी तोंड फिरवून बसायला लावलं."

"अरे देवा..." तिने तोंड ओंजळीत लपवलं. त्याने हलकेच ओंजळ सोडवली. एवढ्या जवळून ती नवी हनुवटी पुन्हा परक्यासारखी वाटली, पुन्हा छातीत काहीतरी चुकलं...

"त्याच बुधवारी," तो पुटपुटला, "मी तुझ्या प्रेमात पडलो. पुन्हा. आधीच्यापेक्षा जोरात आपटलो."

बाहेर अंधारून आलं होतं. त्याने दिवा लावला. ती उठली, त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं, हात त्याच्या गळ्यात गुंफले आणि पायाच्या बोटांवर उभी राहून –

फोन वाजला. आई!

तिने झडप घालून फोन उचलला. "काय झालं? खारू ठीक आहे ना?"

"खारू कधीच झोपली गं," आईंचा आवाज आला. "पण तो काचवाला माझ्याच पोटचा ना? अंधार पडला आणि आत दिवा लावला, की काचेतून उलटं दिसतं, हे त्याला कोणी शिकवायचं? आख्खी बिल्डिंग खिडकीत आलीये. पडदा ओढा!"

दोघं दगडासारखे उभे राहिले. मग त्याने झेप घेऊन दिवा बंद केला आणि अंधारात पोट धरून हसत सुटला. तिचे गाल पेटले होते.

दिवा गेल्यावर समोरचं घर पुन्हा लख्ख दिसू लागलं. पिवळा टॉवेल. नळ. आईंच्या खांद्यावर खारूचं डोकं, झोपेत गाल चेपलेला. ती बघत राहिली. नेहमीसारखी, श्वास मोजत. तो हसायचा थांबला होता. बाजूला उभा होता, हात खिशात घालून. टॅक्सी बोलवू का, असंही त्याने विचारलं नाही.

आईंनी खिडकीतून हाताने खूण केली – ओढ की गं!

तिने निळ्या पडद्याची कड धरली. एकदा खारूकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताने, भिंतीपासून भिंतीपर्यंत, पडदा ओढून घेतला.

"कंपाउंडर..." अंधारात त्याला पुढे बोलवेना.

"फार्मासिस्ट," ती म्हणाली. "आणि तुझा एखादा शर्ट दे. रात्री घालायला मी काहीच आणलेलं नाही."