चार मिलिमीटर

किन्हवलीमार्गे सरळगावला जाणाऱ्या जीपमध्ये देसलेसर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पिशवीत कॅलिपर, छोटा वजनकाटा, भिंग आणि नऊ वर्षांपूर्वीचं एक जुनं कार्ड. मार्गशीर्षातली दुपार होती. भातं निघून गेली होती, खाचरं मोकळी पडली होती.

वाल्मिक देसले म्हणजे प्लास्टिकच्या रसायनात डॉक्टरेट केलेला माणूस. कल्याणच्या कॉलेजात बत्तीस वर्षं शिकवलं आणि निवृत्तीनंतर एका चमत्कारिक छंदात अडकले. व्हिडिओ गेममधल्या लढवय्यांचे पुतळे जमवणारी मंडळी असतात. ती आपला पुतळा अस्सल आहे की नक्कल, हे विचारायला सरांकडे येत. सर तो दोन-तीन दिवस न्याहाळत आणि शेवटी कागदावर लिहीत, ‘बहुधा अस्सल.’ आयुष्यात त्यांनी ‘बहुधा’ न लिहिता एकही निकाल दिला नव्हता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तर स्वतःच्या डोळ्यांवरही त्यांचा भरवसा उरला नव्हता.

आजचं काम मात्र तसं साधं होतं. धनेश नावाचा एक मुलगा निवृत्तीनंतर त्यांच्याकडे शिकवणीला येत असे. गेमच्या स्पर्धेत त्याला ‘तोरगान’ नावाच्या लढवय्याचा पुतळा बक्षीस मिळाला होता, आणि तो त्याने सरांकडून तपासून घेतला होता. पुढे एका दिवाळीनंतर, एकोणिसाव्या वर्षी, तो घरातून निघून गेला तो गेलाच. आता सात वर्षांनी घरी एक पार्सल आलं होतं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत तोरगान.

पाड्यावरच्या घरी पोचताच सरांच्या नजरेस पडली ती ओट्यावरची पळसाच्या पानांची रास. ताजी, हिरवीगार.

“उद्या पुतळा जाळायचाय,” धनेशचा काका अनंता म्हणाला. “सात वर्षं झाली. बॉडी नाय, पत्ता नाय. पळसाच्या पानांचा माणूस करायचा नि नदीवर अग्नी द्यायचा. भटजी ठरलेत. नि आता वयनी म्हणते, तो जिता आहे.”

“आहेच जिता!” आतून प्रेमाताईंचा आवाज आला. “जाताना त्याच्या बॅगेत होता तो बाहुला. त्याच्याशिवाय कोण धाडणार? जित्या पोराला अग्नी देता काय, भावोजी?”

“म्हणून तर सरांना बोलावलं ना,” अनंता वैतागून म्हणाला. “सर, एकच सांगा. हा त्याचाच का दुसरा? दुसरा असेल तर उद्या उरकून टाकतो. आणि ते बहुधा-बिहुधा नको हां. धन्या नक्कल करायचा तुमची.”

सर कसंनुसं हसले. 

प्रेमाताईंनी पुतळा आणून पाटावर उभा केला. कमरेला लाल शेला, आवळलेल्या मुठी, पुढे झुकलेलं अंग. सरांनी तेव्हाच्या तपासणीचं कार्ड बाहेर काढलं. डाव्या मनगटावर रंगाचा ठिपका होता. उजव्या पावलाखाली ४१७ हा आकडा होता. शेल्याच्या टोकाला दातांचे ठसे होते. धनेशची बहीण अक्षदा हिने भांडणात तिथे कडकडून चावा घेतला होता. तीच अक्षदा आता बावीस वर्षांची, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

सगळं जुळलं. सरांना हायसं वाटलं. मग सवयीने त्यांनी उंची मोजली.

कार्डावर एकशे नव्वद मिलिमीटर होती. कॅलिपर एकशे चौऱ्याण्णव दाखवत होता.

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. तेवढंच. वजनकाट्यावर ठेवला, तर वजनही वीस ग्रॅमने जास्त.

 परसात कोंबडी कोरडी पानं उकरत होती. पुतळ्याला एक वास येत होता. प्लास्टिक जुनं झालं की चिकटतं, आंबूस वास सुटतो, हे सर वर्गात शिकवत आले होते. हा वास मात्र तो नव्हता. बंद खोलीत बरेच दिवस कुणीतरी राहिलं की जसा येतो, तसा काहीसा होता.

“काय झालं, सर?” अनंताने विचारलं.

“उंची... चार मिलिमीटरने जास्त येते.”

“म्हंजे नक्कल?”

“नाही, तसं नाही.” सरांनी पुतळा काट्यावरून उचलला. “अस्सलावरून साचा काढला की नक्कल नेहमी थोडी आक्रसते. मोठी कधीच होत नाही. आणि अस्सल असेल तर तोही काही वर्षांनी आक्रसेलच. प्लास्टिक वाढत नाही, अनंतराव.”

प्रेमाताई पुतळ्याकडे टक लावून बघत होत्या. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, “वाढायचाच ना, सर. एकोणीस वर्षांचा तर होता.”

 ‘मला सांगता येत नाही’ एवढंच खरं उत्तर होतं. पण ओट्यावर ती पानं पडली होती. आपण नाही म्हटलं आणि पोरगा कुठे जिवंत असला तर? जित्या माणसाला अग्नी दिल्याचं पाप कुणाच्या माथी?

“त्याचाच आहे,” ते म्हणाले.

प्रेमाताईंनी डोळे मिटून घेतले. अनंताने पायात चपला सरकवल्या. “भटजींना सांगून येतो मुरबाडला,” म्हणाला, आणि जाताजाता पळसाची रास पायाने बाजूला सारली.

सरांना वाटेपर्यंत सोडायला अक्षदा निघाली. अर्धी वाट ती पुढेपुढे चालली. मग एकदम थांबली.

“सर, तुमचं चुकलं नाय. तो दादाचाच आहे. पण पार्सल... मीच पाठवलं. कल्याणवरून.”



“आईचे हाल बघवेनात हो. वाटलं, उद्याचं ते जाळणं तरी थांबेल.”

“मग पुतळा कुठे होता इतकी वर्षं?”

“कणगीत.” ती इकडेतिकडे बघून हळू आवाजात बोलू लागली. “दादा गेला त्या वर्षाचं भात त्याने स्वतः लावलेलं. आईने ते वेगळं भरलं, कणगी शेणाने लिंपली. म्हणायची, तो आला की त्यालाच रांधून घालीन. आता काका म्हणाले, पिंडांना तेच तांदूळ घ्यायचे. म्हणून मागल्या आठवड्यात मी कणगी फोडली. आतमध्ये हा.”

“जाताना त्यानेच लपवला असेल,” सर घाईघाईने म्हणाले. त्यांना कुठलं तरी कारण हवं होतं.

“मला पण तेच वाटलं... पण सर, भात चार मण भरलेलं. मी स्वतः मापलेलं. लिंपण कुठे तडकलं नव्हतं, उंदराचं भोक नव्हतं. नि आत दोन मण पण नव्हतं. बाकी नुसती तुसं. एकेक दाणा सोलून खाल्ल्यासारखी. हा तळाला होता, तुसांत. उभा.”

दुरून जीपचा हॉर्न ऐकू आला. सरांनी हात केला नाही.

“आईला सांगितलंस?”

“नाय. आईला काय सांगू?”

जीप धुरळा उडवत निघून गेली. सर परत फिरले. त्या बाईला खरं सांगायला हवं होतं. पार्सल मुलीनेच पाठवलं, मुलाचा काही ठावठिकाणा नाही, माझा शब्द धरू नका, आणि ती वस्तू घरात ठेवू नका... वाक्यं मनात जुळवत ते भराभर चालत होते, धाप लागली तरी थांबत नव्हते. अक्षदा मागून जवळजवळ पळत येत होती.

घर शांत होतं. चुलीवरून नव्याने उतरवलेल्या भाताचा वास दारापर्यंत आला होता. माजघरात उजेड कमी होता. डोळे सरावायला वेळ लागला. भिंतीशी पाट मांडलेला, पाटापुढे ताट. पाटावर कुणीच नव्हतं. शेजारी अंथरुणावर डोक्यापर्यंत गोधडी ओढलेली होती, आणि तिच्याखाली काय आहे, किती आहे, ते काही कळत नव्हतं.

“प्रेमाताई,” सरांनी सुरुवात केली, “मला एक सांगायचंय...”

“हळू, सर.” प्रेमाताईंनी ओठांवर बोट ठेवलं. सात वर्षांत हसला नसेल असा तो चेहरा उजळून निघाला होता. “आत्ता कुठे डोळा लागलाय.”

“आई...” अक्षदा उंबऱ्यातच थांबली. “तू जेवलीस?”

“मी? माझं व्हायचंय अजून. त्याच्यासाठीच टाकला होता.”

सरांनी ताटाकडे पाहिलं. ताटात एक शीतही नव्हतं. चाटूनपुसून नेल्यासारख्या चार बोटांच्या रेघा होत्या, रुंद, चांगल्या जाणत्या पुरुषाच्या हाताच्या. प्रेमाताईंचे हात मात्र कोरडे होते आणि लहान होते.

सर एक पाऊल मागे सरले. प्रेमाताईंनी रिकामं पातेलं उचललं, आत डोकावून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

“एवढ्याने काय होतंय त्याचं,” त्या म्हणाल्या. “अक्षदा, यंदाची कणगी फोड गो.”