कोकरू धरलेला फोटो

ही गोष्ट ऐकीव नाही. जिच्यासोबत घडली ती स्वप्नाली माझी मावसबहीण. तिची वही मी स्वतः वाचली आहे. त्यातले आकडे इथे आहेत तसेच दिले आहेत.

यात रात्र नाही. अमावास्याही नाही. बारामतीतली भर दुपार आहे, एप्रिल २०२४ ची. बाहेर बेचाळीस अंश ऊन आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीचे घुंगरू.

स्वप्नालीनं नऊ वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. मग नोकरी सोडून भिगवण रस्त्याला एका गाळ्यात जुन्या फोटोंचं काम सुरू केलं. फक्त काळे-पांढरे फोटो. साध्या प्रिंटरवर असा फोटो छापला, तर तो रंगीत शाया मिसळून राखाडी बनवतो. मग चेहरा कधी हिरवट येतो, कधी गुलाबी. म्हणून तिनं तिच्या मोठ्या प्रिंटरमधल्या सगळ्या रंगीत शाया काढून टाकल्या होत्या. त्यांच्या जागी सात राखाडी शाया. गडद काळ्यापासून धुरासारख्या फिकटापर्यंत.

या शायांचे नखरे फार. उन्हाळ्यात प्रिंटरच्या डोक्यातली शाई फवारणारी बारीक छिद्रं सुकून बुजायची. रंगाचे कण तळाला बसायचे. स्वप्नाली वैतागायची नाही. प्रत्येक बिघाडाला कारण असतं, असं ती म्हणायची.

तेव्हा म्हणायची.

सोमवारी दुपारी लोणी भापकरहून दादासो आला. चाळिशी ओलांडलेला, साखर कारखान्यात कामाला. खिशातून त्यानं कागदात गुंडाळलेली एक निगेटिव्ह काढली.

"मॅडम, ही आमची आक्का. भीमा. मी रांगत हुतो तवा गेली. तापानं. सात वर्साची हुती."

घरची मेंढरं होती तेव्हाची ही गोष्ट. इंदापूरच्या माळावर मुक्काम असताना जनावरांचा एक डॉक्टर लस टोचायला आला होता. त्याच्या गळ्यात कॅमेरा होता. त्यानं पोरीचा फोटो काढला आणि देतो म्हणाला. दिला नाही. महिन्याभरानं पोर गेली. आता त्या डॉक्टरच्या मुलाला घर आवरताना निगेटिव्ह सापडली, ती त्यानं शोधत शोधत आणून दिली.

"आयेच्या डोळ्यांचं आपरेशन झालंय. शुक्रवारी पट्टी सुटणार. पट्टी सुटली की पैलं हेच दाखवायचं तिला."

स्वप्नालीनं निगेटिव्ह स्कॅन केली. पडद्यावर एक पोर उभी राहिली. परकर, पायात वाळे, छातीशी दोन्ही हातांनी धरलेलं कोकरू. कॅमेऱ्याकडे थेट बघणारी.

दादासो पडद्याजवळ वाकला.

"नाक आयेचंच हाय की," तो म्हणाला. मग त्यानं मोबाईल काढला. "एक फोटू घिऊ का पडद्याचा?"

"नको," स्वप्नाली म्हणाली. "पडद्याचा फोटो पट्ट्यापट्ट्यांचा येतो. चार दिवस थांबा. नीट देते."

त्यानं आईला फोन लावून दिला. बानूबाईंचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा होता.

"बाय, तिचं तोंड इसरलेय मी. आयनं इसरावं का? पर इसरलेय. कोकरू आठवतंय, कपाळाला पांडरा टिळा हुता त्येच्या. हिचं तोंड येत न्हाय म्होरं. येवडं कर माजं."

"करते, आजी."

मंगळवारी पहिली प्रिंट निघाली. छान होती... पण किंचित हिरवट. दादासो कामावरून परतताना डोकावला होता.

"झाला की! द्या."

"हिरवट आहे."

"मॅडम, मेंढरामागं रानात वाढलीया ती. वाईच हिरवी दिसली तर काय बिघाडलं?"

स्वप्नाली हसली. पण दिली नाही.

कागदावर शाई किती बसली ते मोजायचं एक छोटं यंत्र तिच्याकडे होतं. गालावर टेकवलं की आकडा यायचा; शाई जितकी जास्त, तितका मोठा. पहिल्या प्रिंटला गाल ०.५८. तिनं तो वहीत लिहिला.

मग शायांचं प्रमाण बदलून दुसरी काढली. तिसरी. चौथी. हिरवटपणा कमी होत गेला. चेहरा मात्र फिकट येऊ लागला. ०.५३. ०.४८. ०.४३.

फिकट शाईचे कण तळाला बसले असणार. तिनं शाईची नळकांडी काढून हलवली. छिद्रं धुतली. तपासणीचा नमुना छापला. एकही रेघ तुटलेली नव्हती.

पाचवी. ०.३८.

तेव्हा तिला ते ऐकू आलं.

प्रिंटरचं डोकं कागदावर एका तालात मागेपुढे जातं. खर्र... टक्. खर्र... टक्. पोरीच्या चेहऱ्याचा पट्टा आला की ते थांबायचं. एक श्वास घेण्याइतकंच.

आणि त्या शांततेत, तिच्या पाठीमागे...

छुन.

लहान मूल फार वेळ उभं राहिलं की एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतं. तसा आवाज. वाळ्यांचा.

तिनं वळून पाहिलं. कोणी नव्हतं. रसवंतीचे घुंगरू असतील, असं तिनं वहीत लिहिलं. पुढे कंसात लिहिलं: रसवंती आज बंद आहे.

गुरुवारी दुपारी आठवी निघाली. ०.२३. तिनं ती खिडकीत नेली आणि पहिल्यांदाच रंग सोडून फोटो पाहिला.

माळ स्पष्ट होता. गवताची पाती स्पष्ट होती. कोकराच्या कपाळावरचा टिळाही. फिकी झाली होती ती फक्त पोर.

शाई असं करत नाही. शाई माणूस आणि मेंढरू ओळखत नाही.

तिनं आधीच्या सातही प्रिंट काढल्या. मंगळवारची, ती हिरवट पण छान, हातात घेतली. तिच्यावरही पोर तेवढीच फिकी. यंत्र टेकवलं.

०.२३.

दुसरी ०.२३. तिसरी ०.२३. सगळ्या.

तिनं निगेटिव्ह काचेवर ठेवून खालून दिवा लावला. निगेटिव्हमध्ये चेहरा काळा असतो. तो आता चहाच्या डागाइतका फिकट उरला होता. संगणकावरचा स्कॅनही तसाच.

वजाबाकी तिला सांगावी लागली नाही. प्रत्येक प्रिंटमागे ०.०५. ती नीट छापत होती आणि पोर संपत होती.

म्हणजे आता थांबायचं. ०.२३ पुष्कळ आहे, उजेडात धरलं तर नाक-डोळे कळतात. हीच द्यायची.

आणि मग तिला आठवलं...

सकाळीच तिनं आणखी तीन प्रिंट रांगेत लावून ठेवल्या होत्या.

खर्र... टक्.

तिनं रद्दचं बटण दाबलं. डोकं थांबलं नाही. कागद ओढला. तो निघाला नाही. तिनं भिंतीतून वायर उपसली. प्रिंटरचा हिरवा दिवा विझला.

खर्र... टक्.

वायर तिच्या हातात होती. दिवा बंद होता. डोकं मागेपुढे जात होतं. झाकण उघडून तिनं ते बोटांनी धरायचा प्रयत्न केला. बोटं काळी झाली, एवढंच.

नववी पडली. दहावी. चेहऱ्याच्या पट्ट्यापाशी ते दर वेळी थांबत होतं. दर वेळी पाठीमागे वाळे वाजत होते. तिनं आता वळून पाहिलं नाही. ती नुसती म्हणत होती, "बाळा, थांब. जाऊ नको. थांब जरा."

अकरावी पडली आणि प्रिंटर गप्प झाला.

०.०८. कोऱ्या कागदाचा आकडाही तोच असतो.

शुक्रवारी ती स्वतः लोणी भापकरला गेली. खोटं बोलणार नव्हती. सांगणार होती की माझ्या हातून बिघडला. पण दारातच दादासोनं प्रिंट हातातून घेतली आणि न बघता आईपुढे धरली.

बानूबाईंनी नवे डोळे बारीक केले. हसल्या.

"त्येच हाय की कोकरू! टिळा बघ."

मग बोट पुढे सरकलं. कोकरू जमिनीपासून हातभर वर होतं. त्याच्या पोटाखाली लोकर दबलेली होती, कुणी घट्ट धरल्यासारखी. भोवती पांढरा कागद.

"पर बाय... ह्येला धरलंय कुणी?"

दादासो स्वप्नालीकडे बघत राहिला. रागावला असता तरी बरं झालं असतं.

बानूबाईंनी प्रिंट परत दिली नाही. खाटेशेजारी भिंतीला लावून घेतली.

पंधरा दिवसांनी दादासोचा फोन आला.

"मॅडम, येऊन जाता का? कोकरू खाली सरकलंय."

ती मोजपट्टी घेऊन गेली. कोकराचे पाय फोटोच्या खालच्या कडेपासून त्रेसष्ट मिलिमीटरवर होते. पुढच्या महिन्यात एकोणसाठ. दिवाळीत एक्कावन्न. कागदावर वाळलेली शाई जागची हलत नाही, हे तिनं पोरांना नऊ वर्षं शिकवलं होतं.

"दमली आसंल," बानूबाई म्हणाल्या. "तितं कुणी हाय का घ्यायला? किती येळ धरायचं पोरीनं?"

प्रिंटर आता झाकून ठेवला आहे. स्वप्नाली गाळा सोडायचं म्हणते.

मी तिला एकदा विचारलं. तू तर तो चेहरा भिंगाखाली पाहिलास. स्कॅनवर पाहिलास, पहिल्या प्रिंटवर पाहिलास. आजींना तोंडी सांग. कसे होते डोळे, कसं होतं नाक.

तिनं सांगायला सुरुवात केली. परकराची किनार सांगितली. वाळ्यांचा आकार सांगितला. डाव्या कोपरावर खरचटलेलं होतं, तेही सांगितलं.

मग चेहऱ्यापाशी आली आणि थांबली.

तिनं दादासोला फोन लावला. "त्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, नाक कुणाचं आहे?"



"म्या नाकाचं बोललो हुतो व्हय, मॅडम?"

तिनं फोन ठेवला. वही उघडली. पहिल्या पानावर ०.५८ लिहिलेलं होतं, तारीख आणि वेळेसकट. त्या आकड्यावर बोट ठेवून ती किती तरी वेळ बसून राहिली.