देवासचे प्रतापराव

थंडी पडली की अर्धं सरकार फायली बांधून ग्वाल्हेरला जायचं आणि इंदूरात घराला गिऱ्हाईक मिळायचं नाही. मध्यभारताची ही मजाच होती. उन्हाळ्यात राजधानी आमची, हिवाळ्यात त्यांची. आणि माझ्या यशोधराताईला घर विकायचं होतं ते नेमकं हिवाळ्यात. तिची शालिनी ग्वाल्हेरला, पहिलटकरीण, संक्रांतीनंतर दिवस भरणार. ताईला त्याआधी लेकीजवळ पोचायचं होतं, आणि एकदा गेल्यावर परत यायचं नव्हतं. भाऊजी गेल्यापासून स्नेहलतागंजातल्या त्या माडीवर ती एकटीच राहायची. स्टेशनावरून गाडीची शिट्टी आली की हातातलं काम थांबायचं तिचं.

गिऱ्हाईक होतं एकच. गिरणीतले हेडक्लार्क चिंतामणराव पिंगळे. दर रविवारी यायचे, मफलर सोडायचे, भिंतींवर बोटाने टकटक करायचे, ताईने तळलेल्या गराडूच्या कंदाच्या फोडी बशीभर खायचे आणि "सोचून सांगतो" म्हणून जायचे.

"बंडू, हा माणूस माझे गराडू संपवेल, घर नाही घ्यायचा," ताई म्हणाली.

मी म्हटलं, देख लेंगे. लोकांना टोप्या घालण्यात माझी अर्धी उमर गेली. कमाई काही नाही, पण मजा भरपूर.

पुढच्या रविवारी पिंगळ्यांना जिन्यातच धरलं. "जरा जल्दी करा भिया. देवासचे प्रतापराव येऊन गेले. मोठी असामी. काळा लांब कोट. बसत नाहीत, चहा घेत नाहीत, दारात उभं राहून नुसतं घर बघतात. म्हणाले, मला हेच पाहिजे."

पिंगळे गोरेमोरे झाले. मला आतून अशा गुदगुल्या! प्रतापराव असा कोणी नव्हताच. त्याला मी जिना चढता चढता बनवला होता. ताईला यातलं काही सांगितलं नाही, कारण तिला खोटं पचत नाही.

बुधवारी गेलो तर ताई भाकरी थापत होती. "देवासचे प्रतापराव म्हणून कोणी आले होते, तुझं नाव सांगत होते."

"कसे होते गं?"

"काळा कोट. बसा म्हटलं तर बसले नाहीत, चहाला नको म्हणाले. दारातच उभे. आणि घर कसलं, सारखे माझ्याकडेच बघत होते."

मी मनात पिंगळ्यांना शाबासकी दिली. बुढ्ढा आपल्यापेक्षा वस्ताद निघाला, माझीच थाप माझ्यावर उलटवायला कोणाला तरी काळा कोट घालून ताईकडे पाठवलं! पण खात्री करायला पाहिजे. म्हणून कोपऱ्यावरच्या लक्ष्मण पानवाल्याला, फक्त त्याला, गप्पा मारता मारता सांगितलं की प्रतापरावांच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी आहेत.

दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "बिचाऱ्यांना दोन बोटं नाहीत रे. मागच्या वेळी माझ्या ध्यानातच आलं नाही."

लक्ष्मण पिंगळ्यांना ओळखतसुद्धा नव्हता.

मग मी जे केलं ते घाबरून केलं. सरळ पिंगळ्यांचं घर गाठलं. "रस्ता साफ झाला भिया. प्रतापराव वारले. काल, देवासला."

"अरेरे," पिंगळे म्हणाले. मग मफलर नीट केला. "मग आता घाई कशाला? सोचून सांगतो."

दिवेलागणीला ताईकडे गेलो. ती शाल घेऊन शेगडीकडे तोंड करून बसली होती.

"आले होते," ती म्हणाली. "दार लावलेलं होतं रे मी. आत कसे आले कोण जाणे."

"काय म्हणाले?"

"एवढंच म्हणाले, बंडूने माझं असं का केलं?" ताई माझ्याकडे वळली. "काय केलंस तू?"



त्या दिवसापासून माझी वळकटी ताईकडे. घर गेलं उडत, म्हटलं, पुढच्या शनिवारची ग्वाल्हेरची तिकिटं काढून टाकली. आणि तोवर रोज दिवसभर गल्ल्यागल्ल्यांतून फिरलो. पानाच्या ठेल्यावर, न्हाव्याकडे, दूधवाल्याकडे, जिथे चार माणसं दिसतील तिथे सांगत सुटलो. प्रतापराव फार गरीब स्वभावाचे. बाईमाणसासमोर येत नाहीत. जिना तर चढतच नाहीत. लोक हसायचे. बंडूभियाची नवीन काहीतरी मस्ती, असं त्यांना वाटायचं.

पण उपयोग झाला. ताई म्हणाली, "आता वर येत नाहीत. खाली उभे असतात."

मी खिडकीतून खाली बघितलं नाही.

शुक्रवारी शेवटचा फेरा मारून यावा म्हणून लक्ष्मणकडे गेलो. त्याने पान बांधता बांधता विचारलं, "भिया, सुना है ताईंना न्यायला येणार आहेत?"

"कोण?"

"कोण काय, प्रतापराव. पूरा मोहल्ला बोलतोय."

"मी हे कधी सांगितलं रे?"

"तुम्ही नाही सांगितलं." त्याने पान पुढे केलं. "लोक सांगतात."

मी पळत सुटलो.

ऊन नुकतंच उतरलं होतं. जिना रिकामा होता. वरचं दार सताड उघडं.

ताई खोलीच्या मधोमध उभी होती. लग्नातला शालू नेसलेली. केस विंचरलेले. शेगडी विझवलेली.

"ताई, गाडी उद्याची आहे."

"माहीत आहे रे. पण ते आजच निघू म्हणाले."

"शालिनी ग्वाल्हेरला वाट बघतेय."

"तिला तिकडून निरोप पाठवता येईल का, विचारलं मी." तिने पदर सारखा केला. "नाही म्हणाले."

मी तिचा हात धरला. तिने सोडवला नाही. दाराकडे बघून ती हळूच म्हणाली, "आले हं."

दारात कोणी नव्हतं. मी खाली बघितलं. गार फरशीवर ताईचे पाय उघडे होते.

"चपला तरी घाल गं," मी म्हटलं.

"नकोत म्हणाले," ताई म्हणाली. "तिथे लागत नाहीत."